झोप उडवणारे झोपेचे पुस्तक

झोपेविषयी अलीकडे निघालेल्या पुस्तकांत मॅथ्यू वॉकर यांच्या 'व्हाय वुई स्लीप' या इंग्रजी पुस्तकाचा गाजावाजा बराच झाला. ते २०१७ साली प्रसिद्ध झाले. लेखक मूळचे ब्रिटिश. पुस्तक लिहिले तेव्हा ते अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मज्जाविज्ञान आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. हे पुस्तक न वाचलेल्यांच्या कानांवरही त्यातली विधाने आलेली असतात. पालकसभेत, आरोग्यविषयक व्याख्यानात, वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत कुणीतरी सांगतेच, की आठ तास झोप मिळाली नाही तर स्मरणशक्ती जाते, प्रतिकारशक्ती ढासळते, आयुष्य घटते. शिक्षकही ही विधाने वर्गात सांगतात. तेव्हा पुस्तकाचा नीट परामर्श घेणे आवश्यक आहे. त्याला आणखी एक कारण आहे. असे पुस्तक विकत घेणाऱ्यांत रात्री झोप येत नाही म्हणून घेणारे पुष्कळ असणार. त्यांच्या पदरात हे पुस्तक काय टाकते, हा आमचा मुख्य प्रश्न आहे.

आधी चांगल्या बाजूविषयी. झोप कशी लागते याचे विवेचन वॉकर यांनी फार सुबोध केले आहे. झोपेमागे दोन यंत्रणा काम करतात, ही मांडणी झुरिकचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केली. पहिली यंत्रणा म्हणजे झोपेची ओढ. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठत जाते आणि जितके साठेल तितकी झोप अनावर होते. झोपेत ते पुन्हा कमी होते. दुसरी यंत्रणा म्हणजे जैविक घड्याळ. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या वरच्या अंगाला मेंदूत पेशींचे एक लहानसे केंद्र आहे. ते आपण किती वेळ जागे आहोत याचा हिशेब ठेवत नाही. दिवस-रात्रीच्या चक्राप्रमाणे जाग आणि गुंगी यांची भरती-ओहोटी चालवते. पेशींतले हे घड्याळ कसे चालते याच्या शोधाबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोन यंत्रणा स्वतंत्र आहेत हे एका साध्या अनुभवावरून समजते. निवडणुकीच्या कामात रात्र जागून काढलेल्या शिक्षकाला पहाटे चार वाजता उभे राहवत नाही, पण सकाळी दहाच्या सुमारास मात्र आपण बरे ताजेतवाने झालो असे वाटते. झोप तर झालेली नसते आणि अ‍ॅडेनोसिनही वाढलेलेच असते. घड्याळाची भरती सुरू झालेली असते, एवढेच. चहा-कॉफीचेही असेच. अ‍ॅडेनोसिन मेंदूत ज्या जागी जाऊन आपला परिणाम करते त्या जागा कॅफीन अडवून ठेवते. त्यामुळे झोपेची ओढ नाहीशी होत नाही, फक्त जाणवेनाशी होते. निम्मे कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात. माणसामाणसांत यात बराच फरक असतो. म्हणजे शाळा सुटल्यावर पाच वाजता घेतलेल्या कडक चहातला निम्मा अंमल रात्री दहा-अकरापर्यंत शिल्लक असू शकतो.

ओढ पुरेशी असली म्हणजे गादी-उशीची मिजास लागत नाही, हे आपल्याकडे 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' या म्हणीत पूर्वीच सांगून ठेवले आहे. ही म्हण वाचकांनी लक्षात ठेवावी; निद्रानाशाच्या उपचाराचा विचार करताना ती पुन्हा लागणार आहे.

स्वप्नांची झोप आणि गाढ झोप यांची सुमारे नव्वद मिनिटांची आवर्तने, वयानुसार होणारे बदल, दारूने येणारी गुंगी म्हणजे झोप का नव्हे, ही प्रकरणेही वाचनीय आहेत. लेखकाला शिकवण्याची हातोटी आहे. तक्रार पुढे आहे.

पुस्तकात जिथे आकडे येतात तिथे लेखकाचा हात सैल सुटतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये अलेक्सी गुझे या टीकाकाराने पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातली विधाने मूळ संदर्भांशी ताडून पाहिली. जागतिक आरोग्य संघटनेने अपुऱ्या झोपेची साथ जाहीर केली आहे, असे पुस्तकात म्हटले होते. संघटनेने असे काहीही जाहीर केलेले नव्हते. पुढे वॉकर यांनी टीकेला उत्तर दिले आणि हा उल्लेख दुरुस्त केला. पण तोवर हे वाक्य जगभर फिरून आले होते.

टीकाकारांच्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट आम्हाला अधिक गंभीर वाटते. शालेय वयाचे खेळाडू किती झोपतात आणि त्यांना दुखापती किती होतात, याचा एक स्तंभालेख पुस्तकात आहे. सहा, सात, आठ आणि नऊ तास असे चार स्तंभ, आणि झोप वाढेल तसे दुखापतीचे प्रमाण पायरी-पायरीने उतरत गेलेले. आलेख पाहून कुणाचीही खात्री पटावी. मूळ पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झालेली, ११२ मुलामुलींची आहे. त्या मूळ लेखात पाच तासांचाही एक स्तंभ आहे आणि तो सहा तासांच्या स्तंभापेक्षा ठेंगणा आहे! पुस्तकात तो स्तंभच नाही.

आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांत दुखापतीची शक्यता सुमारे १.७ पट होती, हा मूळ पाहणीचा निष्कर्ष पाचव्या स्तंभाने खोटा ठरत नाही. एवढ्या लहान पाहणीत एखादा स्तंभ वेडावाकडा निघणे मुळीच नवलाचे नाही. तो तसाच छापून त्याची कारणे सांगता आली असती. गणिताच्या शिक्षकांना आम्ही सुचवतो की हा आलेख वर्गात न्यावा. आधी चार स्तंभ फळ्यावर काढून मुलांना निष्कर्ष लिहायला सांगावा, मग पाचवा स्तंभ काढावा आणि निष्कर्षाचे काय करायचे ते मुलांनाच ठरवू द्यावे. वैज्ञानिक दृष्टिकोनावरच्या दहा भाषणांनी होणार नाही ते या एका तासात होईल.

आता त्या प्रसिद्ध आठ तासांविषयी. डॅनिएल क्रिपके आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या अकरा लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगण्याचे प्रमाण सर्वांत चांगले दिसले ते सात तास झोपतो असे सांगणाऱ्यांत. सहा किंवा त्याहून कमी तास सांगणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले होते, तसेच आठ किंवा अधिक तास सांगणाऱ्यांतही. याचा अर्थ आठ तास झोपल्याने माणूस लवकर मरतो असा कुणी घेऊ नये. आजारी माणूस अंथरुणात जास्त वेळ राहतो. शिवाय हे तास लोकांनी आपल्या अंदाजाने सांगितलेले. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक इथे पाळावा लागतो. पण मग तो फरक कमी झोपणाऱ्यांच्या बाबतीतही पाळायला हवा, आणि पुस्तकात तो अनेकदा पाळला जात नाही. याच अभ्यासात निद्रानाशाची तक्रार सांगणाऱ्या लोकांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. हे वाक्य झोप न येणाऱ्या वाचकाला किती धीर देणारे आहे!

दुसरा अभ्यास २०१५ सालचा, जेरोम सीगल आणि सहकाऱ्यांचा. टांझानियातील हादझा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील त्सिमाने या तीन समाजांत विजेचे दिवे नाहीत, रात्रपाळी नाही. त्यांतल्या ९४ प्रौढांच्या मनगटांवर उपकरणे बांधून झोप मोजली. ही मंडळी सूर्य मावळताच निजत नाहीत. सरासरी तीन-सव्वातीन तासांनी निजतात. प्रत्यक्ष झोप भरली ५.७ ते ७.१ तास. मात्र पाठ टेकल्यापासून उठेपर्यंतचा काळ ६.९ ते ८.५ तास होता. अंथरुणातला वेळ आणि झोपेचा वेळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. निरोगी माणसाचीही अंथरुणातली तासभर वेळ जागेपणी जाते. 'आठ तास झोप' म्हणताना यांपैकी नेमके काय मोजतो आहोत, हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर सात तास छान झोपलेला माणूस उगाच स्वतःला रोगी समजू लागतो.

इथून आम्ही मुख्य तक्रारीकडे येतो. कमी झोपणारी माणसे दोन प्रकारची असतात. एकाला झोप येत असते, पण तो झोपत नाही: अभ्यास, रात्रपाळी, दूरचित्रवाणी, हातातला फोन, लांबचा प्रवास. दुसरा दहा वाजता दिवा मालवून पडतो, खोली शांत, वेळ हाताशी, आणि डोळ्याला डोळा लागत नाही. पहिल्याला झोपेची संधी नाही, दुसऱ्याला संधी असून झोप नाही. असे आठवड्यातून निदान तीन रात्री, तीन महिने चालले आणि दिवसाच्या कामावर परिणाम होऊ लागला, तर वैद्यकात त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. कमी झोपेच्या दुष्परिणामांचे पुस्तकातले पुष्कळसे प्रयोग निरोगी माणसांना मुद्दाम जागे ठेवून केलेले आहेत. ते निष्कर्ष पहिल्या प्रकाराला लागू पडतात. दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. वॉकर यांना हा भेद ठाऊक आहे, तो त्यांनी एका ठिकाणी स्पष्ट मांडलाही आहे. पण सारे पुस्तक पहिल्या प्रकारच्या माणसाला घाबरवण्यासाठी लिहिलेले आहे, आणि रात्री उशाशी घेऊन वाचतो तो मात्र दुसरा.

तशात आनुवंशिक प्राणघातक निद्रानाशाचे वर्णन येते. हा अत्यंत दुर्मीळ रोग आहे. सदोष प्रथिनामुळे मेंदूचा ऱ्हास होतो, झोप नाहीशी होणे हे त्याचे एक लक्षण, आणि काही महिन्यांत-वर्षांत मृत्यू येतो. मृत्यूला मेंदूचा ऱ्हास कारण की निद्रानाश, हे या रोगावरून वेगळे काढता येत नाही. पण तीन रात्री तळमळून काढलेल्या वाचकाला हे वाचून काय वाटेल? त्यापेक्षा रँडी गार्डनरची हकिगत त्याला सांगावी. सॅन दिएगो शहरातल्या या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाने १९६३-६४च्या नाताळच्या सुट्टीत विज्ञान प्रदर्शनासाठी २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, जागरण केले. हे कुणी करून पाहू नये, त्याचे हालही झाले. पण नंतर तो चौदा-पंधरा तास झोपला आणि उठला. बुडालेल्या झोपेचा तास-न्-तास हिशेब शरीर मागत नाही. पुढच्या रात्री गाढ झोपेचे प्रमाण वाढवून बरीचशी भरपाई करून घेते.

झोपेच्या बाबतीत धास्ती ही नुसती मनाची गोष्ट राहत नाही. झोप ही प्रयत्नाने येणारी वस्तू नव्हे. उलट प्रयत्नानेच जाते. 'आता बारा वाजले, आता झोप लागली तरी सहाच तास मिळणार' असा हिशेब सुरू झाला, की छातीची धडधड वाढते आणि जाग पक्की होते. काही रात्री असे झाले की माणूस भरपाई म्हणून लवकर आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी वामकुक्षी तासभर लांबवतो. परिणाम असा की रात्री पाठ टेकतो तेव्हा झोपेची ओढच पुरती साठलेली नसते. अंथरुणातले जागेपण वाढते आणि अंथरुण व जागेपण यांची सांगड बसते. बी.एड.ला पावलॉव्हचा कुत्रा सर्वांनीच अभ्यासलेला असतो. इथे घंटेच्या जागी उशी आहे. म्हणून तर बैठकीच्या खोलीत खुर्चीत पेंगणारा माणूस अंथरुणावर येताच टक्क जागा होतो.

यावरचे उपचार याच दोन गाठी सोडवतात. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली सांगितलेला नियम असा, की झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागत नाही असे वाटले तर उठायचे, दुसरीकडे जाऊन मंद उजेडात काहीतरी शांतपणे करायचे, झोप आली की परतायचे. अंथरुणावर वह्या तपासायच्या नाहीत. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ रोज एकच. वीस मिनिटे घड्याळात मोजायची नाहीत. घड्याळाचे तोंड भिंतीकडे फिरवून ठेवावे हे उत्तम.

आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली मांडलेली पद्धत ऐकायला उलटी वाटते: झोप कमी पडणाऱ्याचा अंथरुणातला वेळ कमी करायचा. एक उदाहरण घेऊ. एक गृहस्थ रात्री दहाला पडतात, सकाळी सातला उठतात. दोन आठवडे टिपण ठेवल्यावर दिसले की नऊ तासांत झोप साडेपाच तासच होते, म्हणजे ६१ टक्के. त्यांना सांगायचे की उठणे साडेपाचला, आणि रात्री बारापूर्वी अंथरुणावर जायचे नाही. पहिले काही दिवस दिवसा झोप येते, चिडचिड होते. पण ओढ साठत जाते, झोप लवकर लागते आणि सलग होते. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ ते ९० टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, की निजण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणायची. असे दर आठवड्याला. पाच तासांच्या खाली मात्र कधीच उतरायचे नाही. निजेला धोंडा, तो असा! मोटार किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी, अपस्माराच्या किंवा उन्माद-अवसादाच्या रुग्णांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, पायांची अस्वस्थ वळवळ, सततची उदासी यांपैकी काही असेल तर आधी तपासणीच करावी, कारण तिथे रोग वेगळा आणि उपचारही वेगळा.

हे नियम आणि झोपेविषयीच्या अवास्तव समजुती सुधारण्याचे काम मिळून जी उपचारपद्धती होते तिला सीबीटी-आय म्हणतात. दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या प्रौढांना गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली केली. साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. मात्र सुरू असलेल्या झोपेच्या गोळ्या कुणी मनाने एकदम बंद करू नयेत.

वॉकर यांनी या पद्धतीची शिफारस केली आहे, अंथरुणातला वेळ कमी करण्याचा उपायही सांगितला आहे. पण तो येतो चौदाव्या प्रकरणात. तेरा प्रकरणे 'कमी झोपाल तर मराल' हे ऐकलेल्या माणसाला तिथे सांगायचे की आता काही आठवडे सहा तास किंवा त्याहून कमीच पडून राहा! तो ते धैर्याने करील की घाबरून अर्ध्यावर सोडील? पुस्तकाच्या रचनेतला हा दोष आकड्यांच्या चुकांपेक्षा आम्हाला मोठा वाटतो. आकडे पुढच्या आवृत्तीत सुधारता येतात. मनगटावरच्या झोप मोजणाऱ्या घड्याळांनी तर या धास्तीला रोजचे गुणपत्रकच दिले आहे. त्या गुणांच्या काळजीनेच झोप बिघडलेल्या रुग्णांसाठी २०१७ साली अमेरिकेतल्या काही तज्ज्ञांना 'ऑर्थोसोम्निया' असा नवा शब्द काढावा लागला.

शिक्षक-वाचकांना शाळेच्या वेळेविषयीचा भाग विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. वयात येताना मुलांचे जैविक घड्याळ पुढे सरकते, त्यांना रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी उठवत नाही. हा आळस नव्हे. इथे वॉकर यांची बाजू बळकट आहे. पण पुरावा म्हणून अमेरिकेतल्या एडायना गावचे जे आकडे ते देतात ते पाहून गणिताच्या शिक्षकाच्या भुवया उंचावतील: शाळा ७.२५ ऐवजी ८.३० ला भरू लागली आणि वरच्या श्रेणीतल्या विद्यार्थ्यांचे भाषेचे सरासरी गुण ८०० पैकी ६०५ वरून एका वर्षात ७६१ झाले! तासभराच्या झोपेने १५६ गुण वाढत असतील तर शिकवण्या बंदच पडायला हव्यात. सिअ‍ॅटल शहरात २०१६ साली शाळा ७.५० ऐवजी ८.४५ ला सुरू केल्यावर विद्यार्थ्यांची मनगटी उपकरणांनी मोजलेली झोप ३४ मिनिटांनी वाढली. हा आकडा साधा आहे, पण विश्वासार्ह आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलेल्या आदेशात पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे म्हटले. लहान मुलांची सकाळची ओढाताण त्याने कमी होईल हे खरे. पण घड्याळ पुढे सरकते ते आठवी-नववीच्या वयात, आणि सकाळच्या सत्राला हीच मुले पेंगत असतात. आदेश त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

शाळेच्या ग्रंथालयात हे पुस्तक ठेवायला आमची हरकत नाही. घड्याळ, अ‍ॅडेनोसिन आणि स्वप्ने यांवरची प्रकरणे विज्ञानशिक्षकाच्या उपयोगाची आहेत. आलेखांवर मात्र पेन्सिलीने खूण करून ठेवावी. ज्याला स्वतःलाच झोप येत नाही त्याने सुरुवातीची प्रकरणे सोडून चौदावे आधी वाचावे, मग शेवटी परिशिष्टात दिलेल्या बारा सूचना. त्यांतली बारावी सूचना अंथरुणात जागे पडून न राहण्याची आहे. आणि वाचन दिवसा करावे.